चौदा आरसे कारखान्याचेच होते

मी, हॉरेस जोसेफ बिडल, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा मोटारींच्या गाद्या व कातडीकाम (आता निवृत्त), राहणार कॉव्हेंट्री, इंग्लंड, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी भरीस घातले नसताना हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी एक मृत्युपत्र वकिलाकडून करून घेतले होते. ते फार सभ्य होते आणि त्यात कामाची एकही गोष्ट नव्हती. ते रद्द समजावे. डॉक्टरांनी फुप्फुसाचे चित्र दाखवून नाताळपर्यंतची मुदत दिली आहे. माझे अक्षर वाकडे येते. त्याबद्दल वाचणाऱ्याने कुरकुर करू नये.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा पुतण्या डेनिस बिडल याने करावी. तो सेहेचाळीस वर्षांचा असून जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करण्याचा धंदा करतो. माझ्या भाषणांना तो लहानपणापासून कंटाळलेला आहे, म्हणून यात पदरची भर घालणार नाही अशी खात्री आहे.

२. माझ्या अंत्यविधीला कोणीही भाषण करू नये. शवपेटीवर युनियनचे निशाण घालू नये. शाखेचे लोक आग्रह करतील, चाळीस वर्षांच्या सेवेचा दाखला देतील. त्यांना कलम सहा वाचायला द्यावे. मग ते आपणच निशाण घडी करून घरी जातील.

३. माझी हत्यारे, म्हणजे दोन चुंबकी हातोड्या, वाकड्या सुयांची डबी, टोचे, कातडे ताणायची रुंद पक्कड आणि बाकी जे पेटीत असेल ते, डेनिसला मिळावे. अट एकच. मी जिथे काम केले त्या रूक अँड पेल्हॅम कारखान्याच्या गाडीची गादी भरताना त्याने घोड्याचेच केस भरावेत. मागे मी त्याला स्पंज भरताना पकडले तेव्हा तो म्हणाला होता, "काका, गिऱ्हाइकाचं बूड काय परीक्षा घेणार आहे?" डेनिस, बूड परीक्षा घेत नाही हे खरे. पण गाडी विकताना 'सर्व काही मूळ कारखान्याचे' असे तू सही करून देतोस. खोट्या सहीचे काय होते ते याच कागदात पुढे आहे, वाच.

४. माझे राहते घर, त्यातील सामानासह, मिसेस डोरीन हॅन्सेल यांना द्यावे. त्या छप्पन्न वर्षांच्या असून इथल्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम करतात. त्या माझ्या नात्याच्या नाहीत. त्यांचे वडील एमॉस प्रॅटली आणि मी रूक अँड पेल्हॅमच्या कारखान्यात नऊ वर्षे बरोबर होतो.

५. माझ्या कपाटात फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला एक धातूचा बगळा आहे. रूक अँड पेल्हॅमच्या प्रत्येक गाडीच्या नाकावर हा बगळा असे. १९४० च्या नोव्हेंबरात बॉम्ब पडून कारखाना जळाला, त्या राखेतून मी हा उचलला. कधीही गाडीवर न बसवलेला, कारखान्याच्या खोक्यातला असा हा एकच उरला आहे. या जुन्या गाड्या आज ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या मालक-मंडळाचे अध्यक्ष मेजर लिट्लटन यांना तो अठरा वर्षांपासून हवा आहे. दर वाढदिवसाला ते मला व्हिस्की पाठवतात. ती माझ्यासाठी नसून बगळ्यासाठी असते हे आम्हां दोघांनाही ठाऊक आहे.

बगळा मेजरना द्यावा. मात्र येत्या उन्हाळ्याच्या मेळाव्यात, परीक्षकांनी गाड्या तपासायला सुरुवात करण्याआधी, सगळे मालक हिरवळीवर जमलेले असताना, त्यांनी ध्वनिक्षेपकावरून या मृत्युपत्राचे कलम सहा शब्द न शब्द वाचून दाखवावे. गाळू नये, घाई करू नये, शेवटी टाळ्या मागू नयेत. न वाचल्यास डेनिसने बगळा वितळवून टाकावा.

६. वाचून दाखवायचा मजकूर.

सज्जनहो, तुमच्या गाड्यांत मूळ कारखान्याचे काय आणि मागाहून बसवलेले काय, याची यादी तुम्ही गेली अठ्ठावीस वर्षे वापरता. ती यादी मी केली. कारखान्याची सगळी दप्तरे बॉम्बमध्ये जळाली, तेव्हा तुम्ही माझ्या दारी आलात, आणि मी सांगेन ते खरे झाले. चांदीच्या फुलदाण्या मूळच्या. ड्रायव्हरशी बोलायची नळी मूळची. खिडक्यांचे रेशमी पडदे मूळचे, पण गोंडे निळे असतील तर नाहीत. हत्यारांच्या तबकात तेवीस खाचा आणि तेवीस हत्यारे. हे सारे बरोबर आहे.

यादीतील एकतिसावी नोंद खोटी आहे. 'मागच्या आसनासमोरच्या घडीच्या कपाटातील वाकवलेला आरसा: कारखान्याचा नाही.' हे मी जाणूनबुजून लिहिले. तो आरसा कारखान्याचाच होता. १९३६ आणि ३७ साली चौदा गाड्यांसाठी तो करून घेतला गेला आणि चौदाही आरसे एमॉस प्रॅटलीने केले.

बाहेरून आणलेल्या वाकड्या आरशात बायकांची तोंडे भोपळ्यासारखी दिसत. म्हणून मालक मिस्टर रूक यांनी एमॉसला रंगखान्यामागे एक पत्र्याची खोली दिली. चांदीचा क्षार आणि अमोनिया यांचे पाणी करून काचेवर ओतायचे, चांदी काचेला धरते. मग मागून रंगाचा हात द्यायचा. या कामाला स्वतंत्र हवेशीर जागा आणि सरकारी तपासणी लागते. ती टाळायची म्हणून हजेरीपत्रकावर एमॉस 'पॉलिशवाला' होता. आरसेकाम असे खातेच कारखान्यात नव्हते.

चांदीचे उरलेले पाणी त्याच दिवशी ओतून टाकायचे असते. राहिले तर तळाशी काळा थर बसतो, आणि तो थर नुसत्या धक्क्याने फुटतो. १९३७ च्या ऑक्टोबरात एका सोमवारी सकाळी एमॉसने खोली उघडली तेव्हा शनिवारची बरणी भरलेली होती. शेजारी काम करणाऱ्या दोघांना त्याने चहाला पिटाळले. मग एकट्याने बरणी उचलून तो अंगणाकडे निघाला. दारापर्यंत पोचला. आवाज ऐकून धावणाऱ्यांत मी पहिला होतो. त्याची छाती काचांनी भरली होती. दुपारी रुग्णालयात त्याने प्राण सोडला. वय एकतीस.

दुसऱ्या दिवशी मिस्टर रूक यांनी मला बोलावून दार लावून घेतले. शाखेचा चिटणीस मी होतो आणि चार वर्षे ते आमची युनियन मानायला तयार नव्हते. ते म्हणाले, "बिडल, आरसे आमचे नव्हेत एवढं तू सांगायचं. तो स्वतःचं खासगी काम करत होता. उद्यापासून तुझी युनियन कारखान्यात."

मी विचारले, त्याच्या बायकोचे काय.

"बाई तरुण आहे. लग्न करील."

मृत्यूच्या चौकशीत मी शपथ घेतली आणि सांगितले की एमॉस कारखान्याची चांदी चोरून बाहेरच्या गिऱ्हाइकांचे आरसे करत असे. माझा आवाज मोठा आहे. पुन्हा विचारावे लागले नाही. त्याच्या बायकोला भरपाई मिळाली नाही. तिने लग्न केले नाही, ती लोकांच्या पायऱ्या घासत राहिली. युनियन कारखान्यात आली आणि लोकांनी मला खांद्यावर घेतले. माझी बायको आयव्ही त्या दिवसानंतर माझ्या एकाही सभेला आली नाही. विचारले की म्हणे, पाय दुखतात. एकोणतीस वर्षे तिचे पाय दुखले.

मग तुम्ही आलात तुमची यादी मागायला. तेव्हा तरी खरे सांगता आले असते. पण आरसा मूळचा म्हणावे तर शपथ खोटी ठरते, म्हणून मी एकतिसावी नोंद लिहिली. तुमचे परीक्षक त्या आरशाला गुण कापू लागले. गुण जाऊ नयेत म्हणून तुम्ही आरसे उपटून फेकलेत. माझ्या पुतण्याने स्वतःच्या हाताने दोन फेकले आणि मला येऊन सांगितले, "काका, तेवढी घाण काढून टाकली." मी त्याला शाबास म्हटले. एका माणसाचे काम जगातून एकेक करून पुसले गेले, आणि दर वेळी पुसणाऱ्याला चषक मिळाला.

तुम्ही एका स्क्रूच्या डोक्यावरची खाच सरळ आहे की तिरपी यावर तासभर भांडता. गाडी कोणत्या लॉर्डने घेतली, कोणत्या राजाने वापरली, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. तो स्क्रू कोणी पिळला, हे अठ्ठावीस वर्षांत एकाही माणसाने मला विचारले नाही. विचारले असते तर मी खरे सांगितले असते असे म्हणत नाही. पण विचारायला हवे होते.

७. पुरावा. माझ्या शब्दावर आता कोणी विश्वास ठेवू नये, म्हणून हे कलम. ज्यांच्या गाडीत तो आरसा अजून आहे (माझ्या माहितीत अशा तीन गाड्या आहेत) त्यांनी त्याचे चार स्क्रू काढून आरसा उलटा करावा. एमॉस आरशाच्या पाठीला त्याच गाडीच्या अंगाला देऊन उरलेला रंग लावत असे. हिरव्या गाडीच्या आरशाची पाठ हिरवी, तपकिरीची तपकिरी. हे रंग कारखान्यात घोटले जात आणि बाहेर विकले जात नसत. बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या आरशावर तो रंग कसा येईल? चौकशीच्या दिवशी चौदावा, गाडीत बसायचा राहिलेला आरसा टेबलावर ठेवलेला होता. तो कोणी उलटा केला नाही. मीही केला नाही. यादीतील एकतिसावी नोंद मी आज माझ्या हाताने दुरुस्त केली आहे. मंडळाने ती तशी छापावी.

८. हे कलम आज, सहीच्या दिवशी, वाढवले आहे.

वरची सात कलमे लिहून झाल्यावर मी मिसेस हॅन्सेल यांना बोलावून ती वाचायला दिली. त्या कोट न काढता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि दोनदा वाचले. घराबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. शाळेत आपल्याला 'चांदीचोराची पोर' म्हणत, एवढेच सांगितले, तेही हवापाण्याबद्दल सांगावे तसे. मग म्हणाल्या, "मिस्टर बिडल, माझे बाबा चहा प्यायल्याबरोबर कप धुऊन उपडा ठेवायचे. आई हसायची त्यांना. मग शनिवारचं पाणी सोमवारपर्यंत राहिलंच कसं?"

मी म्हणालो, शनिवारची बाराची सुटीची शिट्टी झाली असेल.

"शिट्टी झाली म्हणून काम तसंच टाकून जाणारे नव्हते ते."

मी दोन-दोन हजार माणसांसमोर बोललो आहे, मंत्र्यांना उलट उत्तरे दिली आहेत. या बाईला मी टेबलावरचे कागद नीट लावत लावत उत्तर दिले. जे सांगितले ते असे.

त्या शनिवारी पावणेबाराला मी काम बंद पाडले. मोटारींचे वार्षिक प्रदर्शन आठवड्यावर आले होते, मालक कात्रीत होता, वेळ साधायची होती. मी बाकावर उभा राहून बोललो आणि सगळा कारखाना उठला. एमॉस तेवढा खोलीच्या दारात एप्रन बांधून उभा राहिला. म्हणाला, "हॉरेस, पाच मिनिटं दे. बरणी रिकामी करतो नि आलोच."

आजूबाजूला चाळीसेक माणसे होती आणि मी रंगात आलो होतो. मी म्हणालो, "मालकाची बरणी मालक रिकामी करील. तू माणसांत येतोस, की काचांतच तोंड बघत बसतोस?"

सगळे हसले. एमॉस कानापर्यंत लाल झाला. त्याने एप्रन सोडला आणि आमच्याबरोबर बाहेर आला. आमच्यामागे मिस्टर रूक यांनी फाटकाला सोमवारपर्यंत कुलूप घातले. सभा संपल्यावर एमॉस परत गेला, पहारेकऱ्याने आत सोडले नाही. रविवारीही तो दोनदा फाटकाशी जाऊन आला. हे मला पहारेकऱ्याने नंतर सांगितले. मी ते चौकशीत सांगितले नाही. आरसे कारखान्याचे ठरले असते तर बरणी का राहिली हाही प्रश्न निघाला असता. मिस्टर रूक यांनी मला युनियन देऊ केली नसती तरी मी तीच शपथ घेतली असती असे मला वाटते. हे मी आजवर स्वतःलाही सांगितले नव्हते.

मिसेस हॅन्सेल यांनी कागद आपल्याकडे ओढले. मग म्हणाल्या, "त्या रविवारी बाबा आम्हाला कालव्यावर नेणार होते. आम्ही टोप्या घालून बसलो होतो." त्यांनी कागदावर बोट ठेवले. "हे यात नाही."

मी म्हणालो, नाही.

"लिहा."

म्हणून हे कलम त्यांच्यासमोर लिहिले. बगळ्याची अट आता सहा आणि आठ या दोन्ही कलमांना लागू राहील.

साक्षीसाठी माझे शेजारी मिस्टर सोहल आधीच येऊन बसले होते. दुसरा साक्षीदार म्हणून पोस्टमनला थांबवायचे ठरले होते. मिसेस हॅन्सेल म्हणाल्या, "मी करते सही." मी त्यांना सांगितले की इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही; त्यांनी सही केली की घर गेले.

"मला ठाऊक आहे. म्हणूनच करते."

मिस्टर सोहल यांना राहवले नाही. "ताई, घर चांगलं आहे हो. छप्पर गेल्याच वर्षी नवं केलंय."

"असू दे, मिस्टर सोहल. त्या घरात बसले तर यांचीच भाषणं ऐकू यायची."

पेन घेण्याआधी त्यांनी एक गोष्ट सांगितली, तीही लिहायला लावली: आपल्या सहीचा अर्थ कोणी माफी असा लावू नये.

तेव्हा कलम चार निरर्थक झाले आहे. ते मी खोडलेले नाही. तसेच राहू द्यावे. घर विकून येईल ते आणि उरलेले सर्व काही शहरातल्या कामगार वाचनालयाला द्यावे. तिथे मी वाचायला शिकलो. कशालाही माझे नाव देऊ नये.

वरील सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ: कॉव्हेंट्री
तारीख: ९ नोव्हेंबर १९८६

मृत्युपत्र करणार:
हॉरेस जोसेफ बिडल

साक्षीदार:

१. गुरबचन सिंग सोहल, निवृत्त ओतारी, शेजारी.

२. डोरीन हॅन्सेल, धुलाईखान्यात नोकरी. एमॉस प्रॅटली, आरसेकाम, रूक अँड पेल्हॅम, यांची मुलगी.