उभ्याने काढलेला फोटो

वेंगुर्ले,
८ नोव्हेंबर २००९

प्रिय आनंदी,

तुझं रेडी गाव काही विलायतेत नाही, तरी पत्र लिहितेय. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं राहून जातं. तेव्हा आता गप्प बसून वाच.

दोन वर्षं मी ओरडतेय, माशांची पाटी डोक्यावर चढली की कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. गोव्याच्या त्या एमआरआयमध्ये काही निघालं नाही आणि सगळ्यांचं फावलं. सासूबाई म्हणाल्या, "कामाक कंटाळता, आणि काय!" तुझे भावोजी रोज उठून, "रिपोर्ट नॉर्मल आसा गो," जशी काय मी मॅट्रिक पास झाले! आणि तू, माझी सख्खी बहीण, "ताय, तुझ्या मनात आसा सगळा." अगं, त्या बोगद्यात मला आडवी घातली होती. आडवी पडल्यावर मला दुखतंच कुठे? तिथल्या माणसाला मी सांगितलंही, "माका निजल्यार काय होणा नाय, उभ्यान काढ फोटो." त्याने हलू नका म्हणून मलाच दटावलं.

शेवटी कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, मुंबईत उभं करून एमआरआय काढतात, अंगावर वजन पडलेलं असताना. मी ते 'वजन' तेवढं धरलं आणि चक्क पाटी घेऊन गाडीत चढले. कितीही घासली तरी बांगडा तो बांगडाच, समोरच्या बाकावर कोणी टिकेना. भावोजी तर दाराशी जाऊन उभे, आपण हिचे कोणी नव्हेच असे! मुंबईत मशीनवरची मुलगी हसून म्हणाली, मावशी, तुमचं स्वतःचं वजन पुरे.

उभी राहिले आणि सापडलं. उभं राहिलं की माझा एक मणका पुढे सरकून शीर दाबतो, झोपलं की गुमान जागेवर. ऐकून मी तिथेच रडले, आनंदाने. दुखणं निघालं म्हणून आनंद होतो का कुणाला? मला झाला. आपल्याच घरात खोटं ठरून राहण्याचा किती संताप येतो, ते तुला नाही कळायचं. आता कंबरेला पट्टा आहे, पाटी बंद. ऑपरेशनचं पुढे बघू. भावोजी न सांगता चहा करतात, गोडमिट्ट.

पण हे सांगायला मी लिहीत नाहीये. परवा फोनवर तू हसत म्हणालीस, "आमचा प्रियांका तुझ्यावरच गेला गो! उभा रवला की ढोपर दुखता म्हणता, फोटोत कायएक नाय." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मला म्हणालीस ते मी गिळलं. पण पोर नववीतली. तिच्या दुखण्यावर आईच हसली तर तिने सांगायचं कुणाला? तिलाही झोपवूनच बघितलंय ना? मग एकदा उभी करून बघा. तुम्हाला सवड नसेल तर मी नेते, पट्टा आवळून. आणि तोवर माझं एवढं ऐक: ती दुखतं म्हणते ना, मग दुखतं.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
सुगंधाताई