शह बोलायचा नाही

बाबा, काल मी काकांचा राजा धरला.

रेवदंड्याच्या घरातलं स्वयंपाकघर आठवतं ना? आई कोलंबी सोलते आहे, तुम्ही थळच्या कारखान्यातली पाळी संपवून आला आहात आणि स्टुलावर आपला बुद्धिबळाचा पट. मी उठसूट 'शह!' ओरडते. मला ओरडण्यातच मजा यायची. दर वेळी तुमचा राजा एक घर सरकून सुटायचा आणि मी हिरमुसायचे. एकदा तुम्ही वैतागलात. "हाका मारून मासा जाल्यात येतो काय? पयली राजाची घरं बंद कर, मंग शह बोल. तवर तोंड मिटून खेल." तेव्हापासून मात होत असेल तरच शह बोलायचा, असा घरात नियमच झाला. माझ्या जिभेला तो फार जड गेला.

शेजारच्या रिक्षावाल्या काकांकडून तुम्ही जन्मभर हरलात. "त्याला एक डाव हरवीन, मंगच जाईन," म्हणायचात आणि न हरवताच गेलात. मग दर रविवारी त्यांच्या ओटीवर मी बसू लागले. मीही हरतच होते, पण हट्ट सोडला नाही. आता काका कायमचे पनवेलला लेकीकडे चाललेत. कालचा डाव शेवटचा. तो गेला असता तर तुमचं राहिलेलं राहूनच गेलं असतं.

माझा वजीर त्यांच्या राजाजवळ पोचला आहे, पाठीशी घोड्याचा जोर आहे. शह समोर दिसतो आहे, हात शिवशिवतो आहे. पण राजाला बाजूचं एक घर मोकळं आहे. मी ओठ घट्ट मिटले आणि पार कोपऱ्यातला उंट तिरपा आणून त्या घरावर रोखला. काका माझं प्यादं मारण्यात गुंग होते. पुढच्या चालीला वजीर आत घातला. राजाला पळायला घरच उरलं नाही.

काकांनी पट बराच वेळ निरखला. "ही चाल कोनी शिकवली गो तुला?"

"बाबांनी."

काका खोकला लागेस्तोवर हसले. "त्यानं? त्याला शह दिल्याबिगर चैनच पडायची न्हाय. तोंड मिटून खेलला असता तर मला कवाच हरवला असता!"

म्हणजे स्वतःला कधी जमलं नाही, तेच माझ्याकडून घोटून घेतलंत! तुम्ही असतात तर किती चिडवलं असतं तुम्हाला. फार आठवण आली, बाबा.

हे पत्र टपालात कुठे टाकणार, मोहऱ्यांच्या डब्यातच ठेवते. एक सांगायचं राहिलं. वजीर ठेवला तेव्हा 'शह आणि मात' असं शांतपणे म्हणायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. 'मात' म्हणायचं राहिलंच, नुसतीच 'शह!' म्हणून ओरडले, स्टुलापाशी ओरडायचे तशी.