सीटखालची स्प्रिंग

कोल्हापूर,
१९ फेब्रुवारी १९८४

चि. सिकंदर यास,
महालिंगकाकाचे आशीर्वाद. कुवेतात खाण्यापिण्याची आबाळ होत नसावी. इकडे हवा बरी आहे. तुझी बहीण रशिदा लिहायला बसली होती, पण तुझ्या नावापुढे तिचा हात चालेना, म्हणून हे माझं वेडंवाकडं अक्षर.

आधी गाडीचं सांगतो. क्लबाच्या मैदानावरची, तुझा बाप बसून चालवायचा ती गवत कापायची गाडी दिवाळीपासून रुसली. विलायती वस्तू, नखरे असणारच. चालता चालता बंद पडायची. मी बॅटरी तपासली, फ्यूज बदलला, वायर न् वायर टेस्टरने चाचपली. करंट कुठेच तुटलेला नव्हता. तुझा बाप, माझा दोस्त दस्तगीर म्हणायचा, "लिंग्या, वायरमन हाईस का नुसतीच पक्कड घिऊन हिंडतोस?"

चिडून मी स्वतः बसलो. माझं धूड तुला ठाऊक आहे. गाडी सुरळीत चालली. सीटखाली एक स्विच असतो. माणूस बसला की दबतो, पडला की इंजिन बंद करतो. तुझ्या बापाच्या वजनाने तो दबतच नव्हता, सिकंदर. रोज समोर असून तो इतका वाळलेला मला दिसलं नाही.

त्याला ओढून दवाखान्यात नेलं. पोटात गाठ, फार पुढे गेलेली.

"मी गवत कापत जन्म काढणार नाही," म्हणून तू गेलास, तेव्हापासून तो तुझं नाव काढत नसे. दुसऱ्याने काढलं तर मात्र ऐकत बसायचा. मला म्हणाला, "पोराला कळवलंस तर माझं मेल्यालं त्वांड बघशील. रागानं गेलाय, रागानंच येऊ दे. कीव करून नगं."

काम सोडेना. म्हणे, स्विच काढून वायरी थेट जोड. मी नाही जोडल्या. पडला तर गाडी थांबायला हवी ना! स्प्रिंग ढिली करून दिली, त्याच्या वजनाने दबेल एवढी. काही दिवसांनी आणखी ढिली. मग आणखी.

गेल्या मंगळवारी मी पंपाच्या खोलीत होतो. गाडीचा आवाज थांबला. "झालं, पुन्हा रुसली," म्हणत मी विडी संपवली, टेस्टर घेतला आणि सावकाश गेलो. गाडी मैदानात उभी होती आणि दस्तगीर शेजारी गवतात पडला होता.

तार जुन्या पत्त्यावरून परत आली. हा पत्ता शेजारच्या धोंडुबाईच्या, तिकडेच कामाला असलेल्या जावयाने दिला.

तुला कळवलं नाही, तरी त्याचं मेलेलं तोंड मीच बघितलं. जनाजा उचलला तेव्हा वजन म्हणून लागलं नाही. मला ते आधीच माहीत होतं, तरी भर रस्त्यात मोठ्याने रडलो. रशिदा एकटी आहे. ये बाबा.

तुझ्या जागी खांदा दिलेला,
महालिंगकाका