प्रेम नगरचे घर सहरिया बायांना

मी चंपाबाई, कैलासवासी विश्वंभर जगदाळे, रेल्वेतील पॉइंट्समन, यांची विधवा, वय अदमासे साठ, राहणार प्रेम नगर, झाशी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवते. पोटात गाठ आहे. दिवाळी दिसेल असे डॉक्टर म्हणत नाहीत. हात अजून स्थिर आहे, म्हणून दुसऱ्याकडून लिहवून घेतले नाही.

वय अदमासे, कारण माझा जन्म कोणी टिपून ठेवला नाही. अठराशे सत्त्याण्णव सालच्या दुष्काळात माझी आई रेल्वेच्या भरावावर माती वाहत होती. ती सहरिया जमातीची, जंगलातली. एका दुपारी तिने मला फिटर गोविंदरावांच्या ओट्यावर बसवले आणि ती परत आली नाही. मेली की निघून गेली, मला आजवर कळले नाही. गोविंदरावांच्या पत्नी भानुमतीबाई यांनी मला भाकरी दिली, चंपा हे नाव दिले, मराठी लिहायला शिकवले. पाण्याच्या हंड्याला मात्र हात लावू दिला नाही.

तो तांब्याचा हंडा आज माझ्याकडे आहे. भानुमतीबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा मीच त्यांचे सारे केले. एके सकाळी त्या म्हणाल्या, "चंपे, हंड्यातलं पाणी तूच दे गं. आणि तूही पी." मी प्यायले. हा हंडा त्यांचे चिरंजीव, माझे मानलेले भाऊ दिवाकर, यांना द्यावा. त्यांना दुसरे काही देत नाही. त्यांनी माझ्या ओट्यावरून रामकलीला हुसकले होते. "माझ्या बायको-मुलांना शेजारी काय म्हणतील, ताई?" असे मला वर विचारले होते. ते मी विसरलेले नाही.

रामकली कोण, ते सांगते. एकोणीसशे अठरा सालच्या तापाच्या साथीत माझे यजमान आणि आमची आठ वर्षांची मुलगी बकुळा एकाच आठवड्यात गेली. मला रडू आले नाही. बोलणेही बंद झाले. तीन वर्षे मी सांगितले तेवढे काम करी आणि भिंतीकडे तोंड करून बसे. औषधे झाली, नवस झाले. मग एकदा दतिया गेटच्या बाजारात डिंक-चारोळी विकणाऱ्या एका बाईने माझा हात धरला. चेहऱ्यावरून तिने मला आपल्यातली ओळखले असावे. "काय बिन्नू, रोउत काय नइयां?" रडत का नाहीस, एवढेच तिने विचारले. ती रामकली.

चैत्रात ती मला बेतवा नदीकाठच्या त्यांच्या वस्तीवर, सहराण्यात, घेऊन गेली. आम्ही उजाडताना मोहाची फुले वेचत होतो. फुले ओली होती, बोटांना चिकटत होती. बकुळा अशीच वाकून फुले वेची. माझ्या तोंडून तिचे नाव निघाले आणि मग थांबेना. मी मराठीत बोलत होते. त्या बायांना अक्षरही कळत नव्हते. तरी टोपल्या खाली ठेवून त्या भोवती बसल्या आणि माझ्याबरोबर रडल्या. कोणी घाई केली नाही. त्या दिवशी त्यांनी मला आपल्या ताटात जेवू घातले.

पुढे तीस वर्षे मी दर चैत्रात गेले. कोणते मूळ कधी खणायचे, बाळंतिणीला काय द्यायचे, हे रामकलीने शिकवले. त्याच्याच बळावर मी रेल्वे क्वार्टरांतल्या बायांची बाळंतपणे केली आणि हे घर माझ्या कष्टाने, माझ्या नावाने घेतले. यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

हे घर मी रामकलीची मुलगी मुलिया हिला देते. बाजाराला आलेल्या सहरिया बायांनी इथे उतरावे, चूल पेटवावी, आजारी असतील तर बरे होईतो राहावे. कोणी त्यांना ओट्यावर थांबवू नये. रामकली गेल्या उन्हाळ्यात गेली. हे तिला दाखवायचे राहिले.

खल, खुरपी आणि औषधांची वही दिवाकरची मुलगी सुहासिनी हिला. ती मला हिंदीत म्हणते, "आत्या, मुझे तुम्हारी मराठी पढ़नी आती है, बोलने में शरम आती है." पोरी, लाजू नकोस. वर्षातून एकदा सहराण्यात जाऊन वही वाचून दाखव, अर्थ हिंदीत सांग. त्यांचेच ज्ञान आहे, मी फक्त लिहून घेतले.

माझे दहन बेतव्याकाठी करावे. मुलगी सासरी निघताना सहराण्यातल्या बाया जे गाणे म्हणतात, ते त्यांनी माझ्यासाठी म्हणावे. मी चारेक वर्षांची असताना आईबरोबर जंगलातल्या घरातून निघाले, तेव्हा कोणी गायले नव्हते. दिवाकर, तुम्ही आलात तर उभे राहा, नाहीतर घरी जा, पण त्यांना मध्येच थांबवू नका. गाणे लांब आहे. पुरे होऊ द्या, मगच अग्नी द्या.

व्यवस्था पाहणार: नानासाहेब घोरपडे, निवृत्त गार्ड.

समक्ष सही केली:
चंपाबाई विश्वंभर जगदाळे

साक्षीदार:
१. नानासाहेब घोरपडे
२. इंदिरा शिवाजीराव मोहिते, शिक्षिका

झाशी, दिनांक १४ सप्टेंबर १९५३