संशयितांची यादी

रेजिना, कॅनडा,
३ ऑगस्ट

प्रिय देवा,

अबोलीला इथल्या युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळाली हा तुझा मेसेज वाचला आणि रश्मी थेट बेसमेंट आवरायलाच पळाली. पोरगी आपल्याकडेच राहणार, हॉस्टेलबिस्टेल काही नाही, हे तिने तिथूनच ओरडून जाहीर केलं. तू लिहिलंस, चारूच्या घरी राहणार म्हटल्यावरच चित्राने होकार दिला, परक्या देशात तुझ्याएवढा विश्वासाचा माणूस आम्हाला दुसरा नाही. आठवडा झाला, मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, प्रोफेसर झाला, भाव खातोय लेकाचा. तसं नाही रे. तिने आमच्याकडे यावं की नाही हे ठरवायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे. फोनवर मला जमणार नाही. तू 'काय बे' म्हणशील आणि मी पुन्हा थंडीपावसाच्या गप्पा मारून मोकळा होईन.

माझा विषय तर तुला पाठच आहे. माँट्रियलच्या बेसमेंटमध्ये तू, मी आणि शुभंकर राहायचो, तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी तुम्हा दोघांना फ्रेंच राज्यक्रांती ऐकवायचो. तू इंजिनिअर माणूस, तुला राजाचं मुंडकं उडवलं एवढ्यातच रस. मला वेड होतं त्यातल्या साध्या गोष्टींचं. पदव्या गेल्या, सगळे नुसते 'नागरिक' झाले, भल्याभल्यांना अरे-तुरे करायची मुभा मिळाली. बाईला घटस्फोट मागता येऊ लागला, मुलीला भावाइतकाच वाटा मिळू लागला. केवढं मोठं काम! वर्गात सांगताना मी अजूनही हरखून जातो. आणि पुढच्याच तासाला मला संशयितांचा कायदा शिकवावा लागतो. सतराशे त्र्याण्णवचा सप्टेंबर, सीमेवर शत्रू, पावासाठी रांगा आणि गावोगावी देखरेख समित्या. शेजाऱ्याने शेजाऱ्याबद्दल चार ओळी लिहून दिल्या की त्याचं नाव यादीत.

पाच वर्षं मी तसलेच कागद वाचले, एका लहानशा गावचे. तुला वाटेल, शिवीगाळ असेल त्यांत. छे! सुबक अक्षर, आदबशीर भाषा, कर्तव्य म्हणून कळवतो वगैरे. मार्तिनो नावाचा गाडीची चाकं करणारा एक सुतार होता. गुत्त्यात बसून तो बोलून गेला, राजाच्या वेळी पाव तरी मिळायचा. शेजारच्या शाळामास्तराने ते कळवलं. मार्तिनोची मान कोणी कापली नाही, तो तुरुंगात तापाने गेला. फायलीत त्याच्या बायकोचा अर्ज आहे. मला काही नको, कागद कोणी लिहिला तेवढं फक्त सांगा, एवढंच तिने मागितलंय. त्यावर कोणी साधा शेराही मारलेला नाही. मग नेपोलियन आला. त्याला क्रांतीचे भगतही नको होते आणि राजाचे लाडकेही. हुकूम पाळणारी, चांगल्या अक्षराची माणसं हवी होती. जिल्ह्याजिल्ह्यात वरून नेमलेला अधिकारी, साऱ्या देशाला एक कायदा, चर्चशी समेट, बायका परत नवऱ्याच्या हुकमाखाली. जुनी मढी कोणी उकरायची नाहीत. शाळामास्तर गावचा मेयर झाला आणि मार्तिनोची बायको त्याच गल्लीत म्हातारी झाली.

देवा, पंधरा वर्षं ती बाई माझ्या मानगुटीवर बसलीय. ग्रोसरीच्या रांगेत माझ्या मागे उभी असते. भर दुपारी ड्राइव्ह-वे शोव्हल करताना पाठीमागे बर्फ चुरचुरतो. वळून पाहावं तर कोणी नाही. माझ्या नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते, ती तेवढी हाताची घडी घालून होती. रश्मी म्हणते, आर्काइव्हची धूळ तुझ्या डोक्यात गेलीय. मी हसून घेतो.

आता आपलं. तुला विद्यार्थी म्हणून आठवड्याला वीसच तास कामाची परवानगी होती आणि तू गोदामात चाळीस-चाळीस तास ओढत होतास. का, तर तीन वर्षांच्या अबोलीला आणि चित्राला उन्हाळ्यापर्यंत आणायचं होतं. छोटे लाल बूटसुद्धा घेऊन ठेवले होतेस. मग कोणीतरी कळवल्यावरून चौकशी आली, तुझा परवाना गेला, आणि मार्चमध्ये मी तुला एअरपोर्टवर सोडलं. तू जॅकेट काढून माझ्या अंगावर टाकलंस, नागपूरच्या उन्हात हे घालू का बे म्हणालास, आणि हसता हसता रडायला लागलास. मग म्हणालास, हे शुभंकरचंच काम, परवा भांडी घासण्यावरून वाजलं होतं ना आमचं. मी म्हणालो, 'असेल.' एवढंच म्हणालो, आणि तेवढ्याने शुभंकर बाद झाला. पंधरा वर्षं तू त्याचं तोंड पाहिलं नाहीस. कॉलेजच्या ग्रुपवरून त्याला काढलं, त्याच्या लग्नाला नागपूरहून एकही मित्र गेला नाही. मीही गेलो नाही.

गेल्या आठवड्यात रश्मीने अबोलीसाठी खोली रिकामी करताना माझे खोके हलवले. एक कागद घेऊन ती वर आली. तिला फ्रेंच येत नाही, पण नाव तर वाचता येतं. यात देवदत्त भाऊजींचं नाव कसं, तिने विचारलं. मी म्हणालो, अगं, आर्काइव्हचे जुने कागद आहेत ते. ती म्हणाली, सतराशे त्र्याण्णवमध्ये देवदत्त बोरकर होता का रे? इतिहासवाल्याची खोड, देवा. कागद फाडायचा नाही, प्रत ठेवायची, कोपऱ्यात तारीख घालायची. चोरसुद्धा एवढा मूर्ख नसतो.

तो कागद मी लिहिला. निनावी. माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा, अर्ज आत होता, आपला तिघांचा पत्ता एक, तुझे तास माझ्या अंगाशी येतील अशी भीती वाटली. तुझं बिऱ्हाड माझ्याआधी थाटलं जाणार म्हणून पोटात दुखत होतं, तेही खरं. नियम म्हणजे नियम, असं स्वतःला बजावलं आणि पाकीट पेटीत टाकलं. आज सकाळी फोन करून हे मी पहिल्यांदा शुभंकरला सांगितलं, अबोली येतेय तेही. तो ट्रक घेऊन थंडर बेजवळ कुठेतरी थांबला होता. त्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, मला माहीत आहे, पहिली प्रत तू प्रिंटरवरच विसरला होतास. मी विचारलं, मग देवाला का नाही सांगितलंस? तर म्हणाला, त्याचा कॅनडा गेलाच होता, वर तूही गेला असतास तर त्याच्याकडे काय उरलं असतं. मी काय, भांड्यांवरून भांडणारा, मी गेलो तरी चाललं असतं.  मग त्यानेच विचारलं, पोरगी टोरोंटोला विमान बदलणार ना? मी ब्रॅम्पटनच्या घरून विमानतळावर जातो, एकटी घाबरेल, तर्री-पोह्यांचा डबा नेतो. फक्त माझं नाव देवाला सांगू नकोस, नाहीतर तो तिला पाठवायचा नाही. मी सांगतोय, देवा. त्याचा नंबर खाली आहे. आधी त्याला फोन लाव. अबोलीचं आणि माझं नंतर ठरव.

तुझाच, हे म्हणायचा हक्क उरला असेल तर,
चारू