जुनी सूज

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली. आज जे सांगायचं आहे, ते तू असतीस तर मला सांगता आलं नसतं.

भिवंडीतली आपली ती एक खोली आठवते. लूमच्या कारखान्यात दिवसभर सुताच्या कांड्या भरून तू घरी यायचीस, हातपाय धुऊन लगेच स्टोव्हपाशी बसायचीस आणि भाकरी थापता थापता मधेच थांबून ओटीपोट दाबून धरायचीस. काय होतंय विचारलं की म्हणायचीस, "कंबर दुखतीय जरा, बाकी काय न्हाय." माझ्या पाठीवर तुला दिवस राहिले आणि टिकले नाहीत, हे मला आजीच्या टोमण्यांतूनच कळलं. एकदा दिघाशीहून मामा आला होता. तू पडून होतीस, म्हणून मी त्याला दारातच सांगितलं, "आईला पुन्हा डाग गेलेत." मामा खाली बघायला लागला. तो गेल्यावर तू मला जवळ बसवलंस आणि आवाज न चढवता म्हणालीस, "बाईच्या अंगाचं दाराबाहेर न्यायचं न्हाय. कळलं ना?" मारलं असतंस तर कदाचित मी विसरले असते.

लग्नानंतर माझंही तेच झालं. पहिल्यांदा दिवस गेले ते टिकले नाहीत, पिशवी साफ करावी लागली. नंतरचंही तसंच गेलं. सोनोग्राफीत काही दिसेना. शेवटी आम्ही कल्याणला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "पाळी नसताना मधे डाग जातात? खाली दुखतं?" मी नाही म्हणाले. दर वेळी, दर डॉक्टरला मी नाहीच म्हणत आले होते. बाहेर आल्यावर हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोट धरून बसतेस ते मी बघतो ना. त्यांना का नाही सांगितलंस?" मग यांना तिथेच थांबवून एकटी परत आत गेले.

"मॅडम, डाग जातात. दुखतंही. पहिलं गेलं तेव्हापासून."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. पिशवीला आतून सूज असू शकते, ती सोनोग्राफीत बहुतेक दिसत नाही. दुर्बिणीतून बघू आणि आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवू."

रिपोर्ट येईपर्यंत गोडाऊनमध्ये ड्युटीवर माझं पॅकिंग सारखं चुकत होतं. मॅडमना आधी शंका होती तो पिशवीचा टीबी नव्हता. गर्भाशयाच्या अस्तराला जुनी सूज होती. अशी सूज मुरली की तिथे ज्या पेशी येऊन बसतात, त्या तुकड्यात सापडल्या होत्या. "माझं काय चुकलं?" मी विचारलं. "काही नाही. गोळ्यांनी बरं होतं हे," त्या म्हणाल्या.

गोळ्या घेतल्या. परत तुकडा तपासला, तो स्वच्छ आला. आता मूल होईलच असं त्या म्हणाल्या नाहीत, प्रयत्न करायला हरकत नाही एवढंच म्हणाल्या. खोटी आशा दाखवली नाही, ते मला बरं वाटलं.

तुलाही हेच होतं की दुसरं काही, ते आता कुणालाच कळणार नाही. तुला कुणी कधी विचारलंच नाही. तू तरी कुणाला सांगणार होतीस?

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. रिपोर्ट हातात आला, त्या दिवशी रडायच्या आधी मला तुझा राग आला होता, आई. तो अजून सगळा गेलेला नाही.