आधी मालकंस

५ जुलै १९७५
म्हापशाहून माउथ ऑर्गन आणला. बाजूला बटण असलेला, म्हणजे उस्तादी. आक्का अंथरुणाला खिळली आहे, तिच्या करमणुकीसाठी. लग्न न करता या थोरल्या बहिणीने मला वाढवलं, एवढं तर करायलाच हवं. तिने लगेच फर्माईश केली, चवतीची घरची आरती वाजय रे, साधी. दरवर्षी गणपतीत ती आरती तीच उचलते, यंदा उठवत नाही. कबूल केलं.

६ जुलै
कृष्णनाथ मास्तरांकडे गेलो. देवळात भजनाला पेटी वाजवतात. म्हणाले, आधी सा रे ग म, मग आरती. जुनी मेथड! माझं मत असं की नवशिक्याने अवघडच धरावं. जीभ, फुप्फुसं एकदम तयार होतात, सोपं मग फुकटात येतं. मालकंस घेणार. तोही द्रुत.

१४ जुलै
मालकंसाच्या मधल्या ताना धरल्या. सुरुवात सोपी असते म्हणून सोडली. ओठ सोलले. शेजारच्या बाबलीने माझ्या बायकोला, जानकीला, विचारलं म्हणे, तुमच्या म्हशीच्या पोटात दुखता काय? बाबलीला शास्त्रीयचं अंग नाही.

२ ऑगस्ट
डॉक्टर येऊन गेले. हृदय थकलंय, भरवसा नाही म्हणाले. या लोकांना घाबरवायची सवयच असते. आक्काला तासभर ताना ऐकवल्या. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून ऐकते. दर्दी आहे. शेवटी म्हणाली, बरां वाजयतंस रे, पण आरती? पहिले दोन शब्द महत्त्वाचे.

११ ऑगस्ट
जानकी भांडली. त्यांका आरती व्हयी, तुमचो मालकंस नको, म्हणाली. समजावलं. आरती म्हणजे चार सुरांचं काम, मालकंस बसला की एका बैठकीत येईल. शिवाय आरती गणपतीपुढे शोभते, आधी कशाला? चवथीलाच सरप्राईज.

२४ ऑगस्ट
आक्का जेवत नाही. जवळ बोलावून म्हणाली, चवतीपर्यंत मी रवतलंय काय रे? हसण्यावारी नेलं. खाणीच्या ऑफिसातून रजा घेतली. रियाझ दुप्पट.

३१ ऑगस्ट
आक्का आज दुपारी गेली.
सकाळपासून धाप होती. तिने ओठांशी हात नेऊन खूण केली. मला वाटलं, पाणी. जानकीने माउथ ऑर्गन हातात दिला. आरतीचा पहिला सूर कुठल्या भोकात आहे तेच मला ठाऊक नव्हतं. फुंकलं, ओढलं, बटण दाबलं. आला तो मालकंसाचा तुकडा, तोही बेसूर. आक्काने मान हलवली. नको.
मग जानकीनेच आरती म्हटली, हळू, टाळी धरून. दुसऱ्या कडव्याला आक्काचे ओठ हलत होते. तिसऱ्याला नाही.

९ सप्टेंबर, चवथ
सुतक. घरात गणपती नाही. बाबलीकडे मातीचं घुमट वाजतंय, आरत्या रंगल्यात. दार लावून घेतलं तरी ऐकू येतात. फार वाईट वाटतंय. लिहितानाही रडू येतं.
मास्तरांचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण सुतक फिटलं की सा रे ग म पासून सुरुवात करणार. मग आरती, नीट, पहिल्या ओळीपासून. जानकीला तसं सांगितलं. ती भांडली नाही. एवढंच विचारलं, कोणाक आयकवक?